बऱ्हाणपूर : माझं आजोळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फैजपूरहून सावदा, सावद्याहून रावेर आणि रावेरहून बऱ्हाणपूर. सगळा मिळून पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. रावेर मागे पडलं की कुठेतरी महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश सुरू होतो. पण केळी तीच, काळी माती तीच आणि घड उतरवणाऱ्या माणसांचं बोलणंही तेच. लहानपणी मला ही हद्द कळायची ती दुकानांच्या पाट्यांवरून. पाटीवरचं ‘आहे’ जाऊन ‘है’ आलं की समजायचं, आजोळ आलं.

आई बऱ्हाणपूरची. तिचे वडील, म्हणजे आमचे नाना, विणकर होते. आधी घरात हातमाग होता. तो गेला आणि नाना दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला जाऊ लागले. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडं तिथे महिना-महिना असायचो. सगळ्या मोहल्ल्यात रात्रभर मागांचा खडखडाट चाले. त्या आवाजात आम्हाला गाढ झोप लागायची. झोपमोड व्हायची ती वीज गेल्यावर, आवाज बंद झाला की.

आपल्याकडची माणसं सुटीत अजिंठा पाहतात, पाटणादेवीला जातात, उनपदेवला जाऊन येतात. खानदेशाची जुनी राजधानी पाहायला मात्र फारसं कुणी जात नाही. ती आता दुसऱ्या राज्यात आहे ना! इंग्रजी अमलात हे गाव मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होतं, १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिलं आणि १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण झालं. कागदावर ते परकं झालं. सोयरिकी मात्र अजून होतात, दोन्ही बाजूंनी.

फारुकी घराण्याची सुरुवात आपल्या धुळे जिल्ह्यातली. फिरोजशहा तुघलकाने १३७० साली मलिक राजाला तापीकाठचं थाळनेर जहागीर दिलं. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला या घराण्याच्या कबरी आजही आहेत. मलिक राजाचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला आणि तापीच्या उत्तर काठावर नवं शहर वसवलं. त्याला नाव दिलं सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. समोरच्या काठावरचं जैनाबाद हे त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी यांच्या नावाचं. दोघांच्याही दर्गा खुलताबादला आहेत. संत राहिले तिकडे आणि त्यांची नावं इकडे तापीला आली. या राजांच्या ‘खान’ या किताबावरून खानदेश हे नाव पडलं, असं बरेच अभ्यासक मानतात. कान्हदेशावरून पडलं असं म्हणणारेही आहेत. मी त्या वादात पडत नाही, दोन्हीकडून मला मारच बसेल.

आता मशिदीविषयी. खरं तर तिच्याचसाठी मी हे सगळं बोलतो आहे.

बऱ्हाणपूरच्या भर वस्तीत गांधी चौकात जामा मशीद आहे. पूर्ण काळ्या दगडाची. समोर पंधरा कमानी, दोन बाजूंना दोन उंच मिनार आणि वर घुमट एकही नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. आत गेलं की सरळ रांगेत दगडी खांब आणि त्यांच्यामधला गारवा. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना आत पाय ठेवला की हायसं वाटतं. राजा अलीखान ऊर्फ आदिलशहा फारुकी याने ती बांधली.

मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या मराठी शाळेत संस्कृत नुकतंच सुरू झालं होतं. जुम्म्याची नमाज झाल्यावर नानांनी मला हाताला धरून पश्चिमेच्या भिंतीपाशी, पार उत्तरेच्या टोकाला नेलं. तिथल्या मेहराबीत एक कोरीव लेख आहे. वरच्या भागात अरबी, खाली नागरी. नानांना अरबी अक्षरं लागायची, नागरी मुळीच नाही. खालच्या ओळींकडे बोट दाखवून ते म्हणाले, “तू मराठी इस्कूल में जाता है ना? पढ के बता, क्या लिखा है।”

मी पाहिलं. पहिलं अक्षर ‘श्री’. पुढची चार-दोन अक्षरं जुळवली आणि अडकलो. ते मराठी नव्हतं, हिंदीही नव्हतं. “नाना, ये तो संस्कृत है,” मी म्हणालो. त्यांना फार आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. म्हणाले, “तो सीख ले। घर की चीज है।” आणि चप्पल घालायला निघून गेले.

पुढे बीए करताना ग्रंथालयात त्या लेखाची माहिती हाती लागली. रायबहादूर हिरालाल या विद्वानांनी तो वाचून विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केला होता. लेखाची सुरुवात सृष्टिकर्त्याला वंदन करून होते. तो अव्यक्त आहे, सर्वव्यापी आहे, अशा शब्दांत. मग राजा मलिकपासून पुढची फारुकी वंशावळ. आणि मग तिथी : विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध दशमी, सोमवार. इंग्रजी तारखेने ५ जानेवारी १५९०. पंचांग पाहून, घटिका-नक्षत्रासकट नोंद केलेली आहे. असीरगडावरच्या मशिदीतही याच राजाने संस्कृत लेख कोरवून घेतला.

असं का केलं असेल? यावर भाषणं करणारे लोक मी ऐकले आहेत. कुणी म्हणतं, बघा केवढा सलोखा! कुणी म्हणतं, नुसतं राजकारण. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. राजा अलीखान हा चांगलाच धोरणी माणूस होता. उत्तरेला अकबर, दक्षिणेला अहमदनगरची निजामशाही, अशा कैचीत त्याने राज्य सांभाळलं आणि शेवटी १५९७ साली मोगलांच्या बाजूने दक्षिणी फौजांशी लढताना मारला गेला. आपल्या राज्यातल्या व्यापाऱ्यांना, कुळकर्ण्यांना, पंडितांना आपला वंश आणि आपलं काम कळावं, ही त्याची इच्छा असणारच. पण त्यासाठी लेख वेशीवर लावता आला असता. तो मेहराबीत लावला, जिकडे तोंड करून नमाज पढायची त्या भिंतीत. तो कोरणारा पाथरवट आणि रचणारा पंडित आत येऊन काम करून गेले असतील, त्या दिवसांचं चित्र मला नेहमी डोळ्यांपुढे आणावंसं वाटतं.

मी मराठीत कविता लिहितो. गेली तीस वर्षं मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. कविसंमेलनात सूत्रसंचालक कौतुकाने विचारतात, “तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?” आणि आमच्या नात्यातले लोक जरा दुखावून विचारतात, “उर्दू में क्यों नहीं?” पूर्वी मी लांबलचक उत्तरं देत असे. आता विचारतो, बऱ्हाणपूरची मशीद पाहिली का? बहुतेकांनी पाहिलेली नसते.

राजा अलीखानानंतर चार वर्षांतच फारुकी संपले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला. अकबराने आपल्या विजयाचा लेख याच मशिदीवर फारसीत कोरवला. जुना लेख मात्र त्याने काढला नाही.

मोगलांच्या दक्षिणेतल्या कारभाराचं हे मोठं ठाणं झालं. हिंदीतल्या दोह्यांमुळे घरोघरी पोचलेले रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना, इथे सुभेदार होते. त्यांच्याच काळात, १६१५च्या सुमाराला, कुंडी भंडारा झाला. सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत येतं. ते वाटेतच अडवायचं, भुयारातून नुसत्या उताराने शहरापर्यंत आणायचं, आणि भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या काढायच्या, की हवा खेळावी आणि साफसफाईला उतरता यावं. इराणात ही रीत फार जुनी आहे. इथे शंभरावर कुंड्या आहेत. ना मोट, ना रहाट, ना पंप. मी एकदा खाली उतरलो होतो, जवळजवळ ऐंशी फूट. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, पायाखाली काचेसारखं पाणी आणि वर रुपयाएवढं आभाळ. ‘खूनी भंडारा’ असंही त्याला म्हणतात. ते नाव कसं पडलं, यावर गावात चार माणसांची पाच मतं आहेत. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत त्याचं नाव गेलं. यावल-रावेरकडे कूपनलिका किती खोल गेल्या ते आपण जाणतोच. आमच्या शेतकरी मंडळींची एक सहल तिथे काढायला हवी.

रहीमांच्या मुलाचा, शाहनवाजखानाचा मकबराही इथेच आहे. काळ्या दगडाचा म्हणून लोक त्याला काळा ताजमहाल म्हणतात. आणि ताजमहालाचंच निघालं तर मुमताज वारली ती बऱ्हाणपुरात. १७ जून १६३१, चौदावं बाळंतपण. पलीकडच्या जैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरतं दफन केलं होतं. सहा महिन्यांनी शव आग्र्याला नेलं. त्याच सुमाराला गुजरात-दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता आणि शहाजहानने बऱ्हाणपुरात भुकेल्यांसाठी लंगर उघडले होते. ताजमहालाच्या गोष्टीत त्या दुष्काळाची आठवण कुणी काढत नाही. शाही किल्ल्यातल्या हमामखान्याच्या छतावर जुनी फुलापानांची रंगीत नक्षी शिल्लक आहे, ती मान वर करून निवांत पाहावी.

१६१५ मध्ये इंग्रजांचा वकील टॉमस रो इथे शाहजादा परवेजला भेटून गेला. गावातली मातीची घरं पाहून त्याने नाक मुरडलं. पुढे आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याला मात्र इथलं तलम कापड दिसलं. ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं असं त्याने लिहून ठेवलं. नानांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “और बुनकर को क्या मिलता था, वो लिखा है क्या?”

मराठ्यांचा आणि या शहराचा संबंध शाळेत एका ओळीत उरकतात. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये इथेच वारले, त्यांची छत्री तापीकाठी आहे. जानेवारी १६८१च्या अखेरीस संभाजीराजांच्या फौजेने बहादूरपुरा आणि आसपासची श्रीमंत पुरं लुटली. गावातल्या उलेमांनी औरंगजेबाला लिहिलं, की आमची अब्रू आणि मालमत्ता राखता येत नसेल तर जुम्म्याच्या नमाजेत तुमच्या नावाचा खुत्बा आम्ही बंद करू. त्याच वर्षी औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला आणि दक्षिणेत उतरला तो पुन्हा उत्तरेला गेलाच नाही. १७४८ मध्ये हैदराबादचा पहिला निजाम याच गावात वारला आणि खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात पुरला गेला. १७६०च्या उदगीरच्या तहाने शहर मराठ्यांकडे आलं, पुढे शिंद्यांकडे आणि १८६० मध्ये इंग्रजांकडे.

जायचं असेल तर थंडीत जा. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी पकडा. सकाळी असीरगड, दुपारी मशीद आणि किल्ला, संध्याकाळी तापीचा घाट. मावा जिलेबी तिथेच गरम खा, दराबा घरी बांधून आणा.

मागच्या खेपेला मुलीला घेऊन गेलो होतो. तिने त्या लेखाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो मोठा करून बराच वेळ अक्षरं लावत बसली. श्लोक तिला जुळेना. शेवटी मीच तिला तिथी वाचून दाखवली. “पौषातली दशमी,” ती म्हणाली, “म्हणजे फरशी पण अशीच गार लागत असेल तेव्हा.” आम्ही दोघंही अनवाणी होतो.