पोर्टो रिकोतील गवताची खतशेती

कॅरिबियन समुद्रातील पोर्टो रिको बेटाचा मध्यभाग डोंगराळ असून तेथील उतारांवर एकोणिसाव्या शतकात कॉफीचे मळे भरभराटीला आले होते. परंतु 1898 मध्ये बेट स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेले, पुढच्याच वर्षी मोठ्या चक्रीवादळाने मळ्यांची धूळधाण केली आणि कॉफीला पूर्वीचे वैभव पुन्हा लाभले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखानदारीबरोबर शहरे वाढली, दुधाची मागणी वाढली आणि नांगराला न मानवणाऱ्या या उतारांवर गवत हेच पीक मानून त्याला खत द्यावे, हा विचार पुढे आला.

त्याला शास्त्रीय आधार दिला तो होसे व्हिसेंते-चँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 1950 च्या दशकात त्यांनी नेपिअर, म्हणजेच हत्ती गवत, तसेच गिनी व पँगोला या गवतांवर नत्राच्या वाढत्या मात्रांचे प्रयोग केले. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एक आकडा आजही सांगितला जातो: हेक्टरी 897 किलो नत्र देऊन आणि दर 90 दिवसांनी कापणी करून नेपिअरपासून वर्षाला हेक्टरी 84,800 किलो शुष्क पदार्थ, म्हणजे पाण्याचा अंश वगळून उरणारी वैरण, मिळाली. एकरी हिशेब केला, तर हे नत्र आजच्या 45 किलोच्या युरियाच्या साडेसतरा गोण्यांइतके होते. अर्थात हा आकडा मुबलक पावसाच्या प्रदेशातील आहे, आणि कापणी लांबवली की वजन वाढते, तरी खोड जून होऊन प्रथिनांचे प्रमाण घटते, म्हणून केवळ वजनावरून चाऱ्याची प्रत ठरवता येत नाही.

मात्र या संशोधनाचा अधिक मोलाचा भाग जमिनीविषयीचा आहे आणि त्याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. अमोनियमयुक्त खतांचे मातीतील जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात तेव्हा आम्ल तयार होते, आणि न वापरलेले नायट्रेट पावसाबरोबर झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम सोबत घेऊन जाते. त्यामुळे सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप, खाली येतो आणि मुळांना घातक असे ॲल्युमिनियम विरघळू लागते. 1958 मध्ये अब्रुन्या, पिअर्सन आणि एल्किन्स यांनी याच बेटावर या ऱ्हासाचे मोजमाप मांडले. शिवाय चराऊ कुरणात शेण-मूत्रावाटे बरीच अन्नद्रव्ये परत येतात, तर कापून नेलेल्या गवताबरोबर पालाशही शेताबाहेर जाते. म्हणून चुना, स्फुरद व पालाश यांची जोड आणि प्रत्येक कापणीनंतर विभागून दिलेले नत्र ही या पद्धतीची अविभाज्य अंगे होती.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये त्याच काळात सिराट्रोसारख्या द्विदल वेलींकडून हवेतील नत्र मिळवण्याची वेगळी वाट धरली गेली. 1973 नंतर तेलाबरोबर खतेही महागली, तेव्हा त्या वाटेचे मोल अधिक जाणवले.

भारतात 1953 मध्ये कोइमतूर येथे बाजरी व नेपिअर यांचा संकर सिद्ध झाला, आणि राहुरी विद्यापीठाच्या ‘यशवंत’ व ‘फुले जयवंत’ या वाणांमुळे महाराष्ट्राच्या गोठ्यांना तो परिचित झाला. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत आम्लतेची चिंता फारशी नाही. कोकणातील जांभ्याची जमीन मात्र मुळातच आम्लधर्मी असून पाऊसही भरपूर आहे. तेथे नेपिअरला युरिया वाढवण्यापूर्वी मातीचा सामू तपासणे आणि गरजेप्रमाणे चुना देणे अपरिहार्य आहे.