लुगड्यापासून काकड्यापर्यंत

गोधडी दिसली की 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द आपल्या तोंडी आपोआप येतात. कार्यानुभवाच्या तासापासून ते अंगवळणीच पडले आहेत. पण गोधडीच्या इतिहासाला ते लागू पडत नाहीत. टाकाऊतून टिकाऊ करायचे तर आधी काहीतरी टाकाऊ ठरलेले असावे लागते, आणि गिरण्यांचे कापड स्वस्त होण्यापूर्वी मराठी घरात कापडावर ती पाळी सहसा येत नसे. लुगडे घरात येई तेव्हाच त्याचे पुढचे जन्म ठरलेले असत. मधोमध विरले की त्याला दंड घालायचा, म्हणजे विरलेला भाग काढून धड टोके एकमेकांना जोडायची. दंडाचे लुगडेही पिचले की त्यातून परकर, झबली, कुंची, बाळोती निघत. उरलेल्याची गोधडी किंवा वाकळ होई. तीही झिजली की पायपुसणे, मग सारवणाचे पोतेरे, आणि चांगली सुती चिंधी असेल तर पिळून तेलात भिजवलेला काकडा. देवळातल्या पहाटेच्या काकड आरतीला नाव मिळाले ते या काकड्यावरूनच. धडपा, धडुते, चिरगूट, पटकूर, लक्तर, फडके, चिंधी, बोळा अशी शब्दांची रास मराठीत उगाच जमलेली नाही. कापडाच्या झिजण्याची एकेक पायरी लोक वेगळी ओळखत होते. वापरून झालेल्या वस्तूचे इतके बारीक वर्गीकरण ज्या समाजाने केले, त्याच्या हातून झालेल्या कामाला नुसती काटकसर म्हणून चालणार नाही. गोधडीमागे कापडाचे पक्के ज्ञान आहे, आणि ते ज्ञान म्हणूनच मोजायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

कापड पूर्वी किती मोलाचे होते याचा एक पुरावा नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या आपल्या देणगीचा हिशेब लिहून ठेवला आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, त्याने २००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांचे व्याज दरमहा शेकडा एक. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षुवस्त्रासाठी, मिळायचे. हिशेब चोख जुळतो: २००० वर वर्षाचे व्याज २४०, आणि २० भिक्षूंचे बारा-बारा मिळूनही २४०. वीस माणसांच्या अंगावरच्या वस्त्राची सोय करायला राजाच्या जावयाला भांडवल गुंतवावे लागत होते. आणि हे चीवर तरी कसले? विनयपिटक या बौद्ध नियमग्रंथाच्या महावग्गात भिक्षूने धुळीत, उकिरड्यावर पडलेल्या चिंध्यांचे पांसुकूल वस्त्र वापरावे असे सांगितले आहे, आणि चीवर कापलेल्या तुकड्यांचेच असावे असा नियम आहे. त्याचा आराखडा बुद्धाचा शिष्य आनंद याने मगधातल्या बांध घातलेल्या शेतांवरून बेतला, अशी कथा तिथेच येते. कापून जोडलेल्या वस्त्राचा चोराला लोभ सुटत नाही, हे कारणही दिलेले आहे. धड कापड चोरीला जाण्याइतके किमती होते, असा याचा सरळ अर्थ. तुकडे जोडून केलेल्या वस्त्राला आपल्याकडे रचनेचे नियम आणि प्रतिष्ठा इतक्या जुन्या काळापासून आहे. नाथपंथी जोग्यांची कंथा त्याच वाटेवरची. आणि विसाव्या शतकात चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरून गावोगाव झाडू मारणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, गोधडे महाराज म्हणू लागले, तेव्हा त्या वस्त्राचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

आता ज्ञान म्हणजे नेमके काय, ते पाहू. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, पन्हा साधारण सव्वा मीटरच्या आतबाहेर. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरचा, म्हणजे माणसाच्या पांघरुणाच्या लांबीचा होतो. चारही एकावर एक ठेवले तर एकट्यापुरती चार पदरी गोधडी. दोन-दोन शेजारी जोडले तर दोघांपुरत्या गोधडीचे वरचे आणि खालचे पदर तयार, आत घालायला घरातली धोतरे आणि जुनी पातळे. लुगड्याचे माप आणि अंथरुणाचे माप असे एकमेकांत बसलेले आहे. दुसरी गोष्ट कापडाच्या झिजण्याची. सुती कापड धुऊन-धुऊन ओढ सहन करण्याची ताकद घालवते आणि मऊपणा कमावते. गोधडी हा मऊपणा ठेवून घेते आणि गेलेली ताकद दोऱ्याने भरून काढते. धावदोऱ्याचा प्रत्येक टाका सगळ्या पदरांना एकत्र धरतो, त्यामुळे ओढ एका विरलेल्या धाग्यावर न येता शेकडो टाक्यांवर वाटली जाते. टाके जवळजवळ का घालायचे, याचे उत्तरही यातच आहे. दुलईत कापूस सुटा भरलेला असतो आणि दोन टाक्यांमध्ये अंतर राहिले तरी चालते. जीर्ण पदरांच्या गोधडीत मात्र अंतर वाढले की पदर सरकतात आणि धुण्याच्या पहिल्या आपटीतच आतले कापड गोळा होते. लुगड्याचे काठ अंगापेक्षा दाट विणीचे असल्यामुळे मागे टिकतात, म्हणून ते कडांना लावले जातात, कारण गोधडी सर्वांत आधी कडेला फाटते. शेतीची कामे उरकल्यावर उन्हाळ्यात गोधड्या शिवायच्या आणि भाद्रपदात, घटस्थापनेच्या आधी, घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन आपटून धुवायच्या, हा क्रमही अर्थपूर्ण आहे. शिवणाऱ्या बाईच्या हाताची परीक्षा दरवर्षी त्या धुण्यात होत असे. तान्ह्या बाळाला नव्याऐवजी जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळण्याची रीत याच ज्ञानातून आली. खळ गेलेले, शेकडो वेळा धुतलेले सूत त्या कातडीला सोसते, नवे कापड बोचते.

मग इतक्या पक्क्या विद्येचा इतिहास का लिहिला गेला नाही? एक कारण उघड आहे. गोधडी कुणा एका जातीचा धंदा नव्हती. बारा बलुतेदारांत सुतार, लोहार, कुंभार, परीट आहेत; अलुतेदारांच्या यादीत शिंपीही सापडतो. गोधडी शिवणारी या दोन्हींत नाही, कारण ती घरचीच बाई. तिला खळ्यावर बलुते मिळत नव्हते, म्हणून ती वतनाच्या कागदांत आली नाही, आणि कागदांत आली नाही म्हणून इतिहासातही नाही. दुसरे कारण गोधडीच्या स्वभावात आहे: चांगली गोधडी वापरून संपते. पितळेची समई किंवा अडकित्ता दोनशे वर्षांनी संग्रहालयात ठेवता येतो. दोनशे वर्षांपूर्वीची गोधडी कधीच पोतेरे होऊन गेलेली असते. बंगालच्या कांथेची कथा याच्या उलट झाली. तीही जुन्या साड्यांचीच, धावदोऱ्याचीच. पण तिच्यावर कमळे, हत्ती, रथ भरलेले होते. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त यांनी त्या कांथा जमवल्या, कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ साली आपल्या काव्याच्या नावातच नक्षी कांथा आणली, आणि कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली तिच्यावर लेख लिहिला. आपल्या गोधडीवर चित्र नाही. तिची रचना तुकड्यांच्या मांडणीत आणि टाक्यांच्या ओळीत आहे. चित्र नसले की आपल्याकडे ती वस्तू 'उपयोगाची' ठरते आणि कलेच्या हद्दीबाहेर जाते. हा निकष मला मान्य नाही. कुठला रंग कुठल्या शेजारी बसवायचा, काठ मधे आणायचा की कडेला ठेवायचा, हे निर्णय प्रत्येक गोधडीत घेतलेले दिसतात, आणि निवड जिथे आहे तिथे कारागिराची नजर आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना कापडाची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. त्या फुलांनी ऊब वाढत नाही. या सिद्दींचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामी झुगारून त्या रानात आले असे मानले जाते. पोटाला चिमटा असलेल्या माणसांनीही नुसत्या उपयोगावर भागवले नाही.

रंगांबद्दल मात्र एक सावधगिरी बाळगायला हवी. आज आपण जिला पारंपरिक म्हणतो ती रंगीबेरंगी, छिटांच्या चौकड्यांची गोधडी फार जुनी नसावी. मुंबईत पहिली कापसाची गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. गिरणीचे कापड खेड्यात पोचले, छापील चीट आणि रासायनिक रंग आले, पुढे शिवणयंत्रामुळे शिंप्याच्या दुकानात कातरणीचे ढीग साचू लागले. त्याआधीच्या हातमागाच्या काळात घरात कपडेच मोजके असत, तेव्हा इतके नाना रंग एका गोधडीत यायचे कुठून? म्हणजे यंत्राच्या कापडाने गोधडीला सुरुवातीला मारले नाही, उलट बहर आणला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आले, कापड शिधापत्रिकेवर मिळू लागले, आणि जुने कापड जपण्याची गरज शहरातल्या बिऱ्हाडांनाही पुन्हा तीव्रतेने जाणवली.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून गोधडीचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. फाटके कापड या देशात सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे फर्मावले आहे. आपल्याकडे प्रेतावरचे कापड हा महारांचा 'हक्क' म्हणून मोजला जाई. ज्यांना उतरलेले, टाकलेले, मढ्यावरचे नेसायला लावले गेले, त्यांच्यापुढे चिंधीच्या सौंदर्याची भाषा करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे, असे कुणी म्हणाले तर त्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. स्वतः नेसलेले लुगडे स्वतःच्या मुलासाठी शिवणे हे एक, आणि दुसऱ्याने अंगावर फेकलेले नेसणे हे दुसरे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांशी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच भेद अचूक धरला होता. अस्पृश्यतेची ओळख पटवणारी नेसण्याची तऱ्हा आणि दागिने त्यांनी सोडायला सांगितले; वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा विरोध लादलेल्या खुणेला होता, ठिगळाला नव्हता. गोधडीच्या इतिहासात हे प्रकरण तळटीप म्हणून नव्हे, मुख्य मजकुरात यायला हवे, कारण जुन्या कापडाची किंमत ते कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेले यावर ठरत होती.

दुसरा आक्षेप आजचा आहे. गोधडी संपली कुठे, ती तर शहरातल्या प्रदर्शनांत विकायला येते, परदेशातही जाते, असे म्हटले जाते. ते खरे आहे, आणि त्यातून अनेक बायकांच्या हातात स्वतःचे पैसे येतात ही चांगलीच गोष्ट आहे. ज्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या मोबदला नव्हता त्याला तो मिळावा. पण त्यातल्या बऱ्याच गोधड्या नव्या कापडाच्या असतात, यंत्रावर शिवलेल्या असतात. मूळ धागा तुटला तो कच्च्या मालाच्या टोकाला. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या घरोघर आल्या, आणि त्या जुन्या झाल्या तरी मऊ होत नाहीत, घाम शोषत नाहीत, टाक्याखाली पदर धरून राहत नाहीत. सुताने जे ज्ञान शिकवले होते ते या कापडाला लागूच होत नाही. त्याच सुमारास बोहारीण दारात स्टीलची भांडी घेऊन येऊ लागली आणि जुने कपडे गोधडीच्या गाठोड्यात न जाता पातेल्या-डब्यांच्या बदल्यात घराबाहेर पडू लागले. बोहारणीला दोष देण्याचे कारण नाही. वाघरी समाजातल्या या बायकांनी शहरांमध्ये वापरलेल्या कपड्यांचा केवढा तरी व्यापार डोक्यावरच्या बोचक्यांतून उभा केला, आणि त्यांचाही इतिहास लिहायचा राहिलाच आहे. मात्र 'टाकाऊ' हा वर्ग आपल्या घरात खऱ्या अर्थाने जन्मला तो याच काळात, आणि 'टाकाऊतून टिकाऊ' ही घोषणा त्याच्या मागोमाग आली.

आपल्या माळ्यावर किंवा पेटीत एखादी जुनी सुती गोधडी असेल, तर ती देऊन टाकण्यापूर्वी कडेचा एखादा उसवलेला कोपरा उचलून पदर मोजा. वरचे लुगडे कुणाचे, आतले धोतर कुणाचे, टाके कुणी आणि कोणत्या गावी घातले, हे सांगू शकणारे माणूस घरात असेल तर आजच विचारा, आणि मिळालेली नावे, गाव आणि साल एका पट्टीवर लिहून ती पट्टी गोधडीच्या कडेला शिवून ठेवा.