विरजण कुठून आणायचे?

आज्ञावली तयार करायला आधी दुसरी आज्ञावली लागते, हे शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: मग अगदी कोऱ्या संगणकावर पहिली आज्ञावली येते कुठून? प्रश्न रास्त आहे. घरात विरजण नसले तर आपण ते शेजारून आणतो. संगणकाचेही तसेच असते. युनिक्स या प्रसिद्ध प्रणालीचा जन्म असाच उसन्या विरजणावर झाला.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांच्याकडे अंतराळप्रवासाचा एक खेळ होता. तो जीई-६३५ या मोठ्या संगणकावर चाले. पण एका डावाला संगणकाच्या वेळेचे सुमारे ७५ डॉलर पडत. (खेळापायी एवढा खर्च कोणती संस्था सोसेल?) जवळच पीडीपी-७ हा छोटा संगणक जवळजवळ रिकामा पडून होता. थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी खेळ तिकडे हलवायचे ठरवले. अडचण एवढीच, की दोन्ही यंत्रांची भाषा निराळी. मोठ्याचा शब्द ३६ बिटांचा, छोट्याचा १८ बिटांचा. एकाच्या आज्ञा दुसऱ्याला निरर्थक.

तरीही छोट्याच्या आज्ञा मोठ्यानेच तयार केल्या. असेंब्लर करतो काय? अक्षरी संकेत वाचतो आणि त्यांच्या जागी ठरलेले आकडे मांडतो. ते आकडे त्याच यंत्राच्या भाषेतले हवेत, असा काही नियम नाही. कन्नड न येणारा कंपोझिटर एकेक अक्षर ताडून पाहत कन्नड मजकूर जुळवू शकतो, तसेच हे. तयार आकडे कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात उमटत आणि ती फीत उचलून पीडीपी-७ कडे न्यावी लागे. नुसती एक आज्ञा बदलायची तरी पुन्हा फेरी!

युनिक्सचे पहिले भागही याच वाटेने तिकडे पोचले, आणि अखेर खुद्द असेंब्लरही पीडीपी-७ वर चालू लागला. फितींची ने-आण संपली. दही आता घरच्याच विरजणाने लागू लागले.

१९७० च्या उन्हाळ्याअखेर पीडीपी-११ दाखल झाला, तेव्हा शेजारधर्माची पाळी पीडीपी-७ वर आली. नव्या यंत्रासाठीचे प्राथमिक युनिक्स त्याच्यावरच तयार झाले. मात्र पीडीपी-११ ची चकती डिसेंबरपर्यंत आलीच नाही. तोवरचा बहुतेक काळ ते यंत्र कोपऱ्यात बसून ६ × ८ घरांच्या पटावर एक हिशेब करत होते: बुद्धिबळाचा घोडा प्रत्येक घरात एकदाच जाऊन मूळ घरी परतेल, असे मार्ग एकूण किती? काम तीन महिन्यांचे होते.