यांत्रिक कळफलकातील स्विचची निवड : किंमत व उपयुक्तता यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
संगणकावर काम करणाऱ्याच्या बोटांचा सर्वाधिक संबंध कळफलकाशी येतो. तरीही खरेदीच्या वेळी प्रोसेसर, मेमरी व पडदा यांचाच विचार होतो आणि कळफलक मिळेल तो स्वीकारला जातो. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली धातूची स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. असा कळफलक घेताना मर्यादित अंदाजपत्रक असलेल्या ग्राहकापुढे प्रश्न उभा राहतो, तो असा की, महाग स्विच हाच चांगला स्विच असतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार केला आहे.

१) टंकलेखन यंत्राचा वारसा :
टंकलेखन यंत्रावर अक्षर उमटल्याची खात्री डोळ्यांआधी बोटांना व कानांना होत असे. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. महाराष्ट्रातील कचेऱ्यांतील अनेक टंकलेखकांचे हात अशा यंत्रांवरच घडले. अमेरिकेत आयबीएम कंपनीचे 'सिलेक्ट्रिक' हे विद्युत टंकलेखन यंत्र १९६१ मध्ये आले. पुढे संगणकासाठी कळफलक बनवताना टंकलेखकांच्या हातांची ही सवय कंपनीने विचारात घेतली. संगणकच अतिशय महाग असल्याने भक्कम कळफलकाचा खर्च त्यात सामावून जात असे.

२) काटकसरीचे पर्व :
आयबीएमचे अभियंते रिचर्ड हॅरिस यांच्या, दाबताच वाकणाऱ्या स्प्रिंगच्या रचनेला १९७८ मध्ये पेटंट मिळाले. १९८१ च्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरसोबत याच तत्त्वावरील 'मॉडेल एफ' कळफलक होता. १९८५ च्या 'मॉडेल एम'मध्ये स्प्रिंग कायम ठेवून तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे वापरण्यात आले व उत्पादनखर्च कमी करण्यात आला. पुढे संगणकाच्या किमती उतरल्या, तसतशी कळफलकावरील काटकसरही वाढली. स्प्रिंगच्या जागी रबरी घुमट आले. अशा कळफलकात संकेत जाण्यासाठी कळ बहुधा तळापर्यंत दाबावी लागते. संगणक अनेकांच्या आवाक्यात आला, हा या बदलाचा मोठा लाभ होय. मात्र त्याची काही किंमत दिवसभर टंकलेखन करणाऱ्या बोटांनी मोजली, हेही नाकारता येत नाही.

३) पेटंट व बाजारपेठ :
१९५३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या चेरी कंपनीने पुढे जर्मनीत उत्पादन केले. तिचा 'एमएक्स' स्विच १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आला. संगणकीय खेळ खेळणाऱ्यांमुळे यांत्रिक कळफलकाची मागणी पुन्हा वाढली. एमएक्सच्या पेटंटची मुदत संपलेली असल्याने २०१० नंतरच्या दशकात कैल, गेटरॉन, आउटेमू या चिनी उत्पादनांना त्याच धर्तीचे स्विच स्वस्तात विकता आले. यंत्रणेचे तत्त्व तेच राहिले आणि किंमत मात्र उतरली. स्विचची किंमत केवळ गुणवत्तेवर ठरत नसून हक्क, स्पर्धा व उत्पादनाचे प्रमाण यांवरही ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

४) निवडीचे निकष :
स्विचचे तीन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कळ अडथळ्याविना सरळ खाली जाते. दुसऱ्यात वाटेत बोटाला हलका उंचवटा जाणवतो. तिसऱ्यात उंचवट्यासोबत 'टक्' असा आवाज येतो. चेरीच्या लाल स्विचला सुमारे ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे साधारण ४५ ग्रॅम वजनाइतका दाब लागतो. काळ्या स्विचला सुमारे ६० सेंटिन्यूटन लागतो. दोन्ही सरळ प्रकारचेच आहेत. तपकिरी स्विच उंचवट्याचा, तर निळा आवाजाचा आहे. अनेक स्वस्त उत्पादनांनी हीच रंगसंगती स्वीकारल्याने ग्राहकाला तुलना करणे सोपे जाते. परंतु दाबाचे आकडे उत्पादनानुसार बदलतात, म्हणून केवळ रंगावर विसंबून राहू नये.

सामायिक कार्यालयात किंवा ग्रंथालयात निळा स्विच इतरांना त्रासदायक ठरतो. तेथे तपकिरी किंवा लाल स्विच योग्य होय. हलक्या बोटांच्या व्यक्तीने कमी दाबाचा, तर चुकून कळ दाबली जाणाऱ्याने अधिक दाबाचा स्विच घ्यावा. डाखाशिवाय स्विच बदलता येणारा, म्हणजेच 'हॉट-स्वॅप' कळफलक घेतल्यास चुकलेली निवड कमी खर्चात सुधारता येते. अशा वेळी स्विचच्या पायांची संख्या खोबणीशी जुळते की नाही, हे मात्र आधी पाहावे.

निष्कर्ष :
कळफलकाच्या इतिहासात काटकसर दोनदा घडून आली. पहिल्या वेळी स्विचच काढून टाकून खर्च वाचवला गेला. दुसऱ्या वेळी एका कंपनीचा अनन्य हक्क संपल्याने तोच स्विच स्वस्त झाला. पहिल्या काटकसरीचा काही भार वापरणाऱ्यावर पडला, तर दुसरीने त्याला निवडीचे स्वातंत्र्य दिले. म्हणून अंदाजपत्रक लहान असले तरी कंपनीच्या नावापेक्षा दाब, आवाज व कामाची जागा यांना प्राधान्य द्यावे. कचेरीसाठी कळफलकांची एकत्रित खरेदी करताना तर, ज्यांना त्यावर दिवसभर काम करायचे आहे त्यांच्या हाती नमुना देऊन मगच निर्णय घेणे अधिक न्याय्य ठरेल.