वकील लेकींच्या पाठीशी उभे राहिलेले पुरुष : १९२३ च्या कायद्यापासून जुन्नर-आंबेगावच्या कोर्टापर्यंत

दहावीच्या मुलींना "पुढे काय करणार?" असं वर्गात विचारलं की डी.एड., नर्सिंग, बी.कॉम. अशी उत्तरं येतात. हुशार मुलगी असेल तर डॉक्टर. वकील म्हणणारी क्वचितच, आणि म्हणाली तरी लगेच खाली बघते. कारण तिला घरचं उत्तर माहीत असतं : "कोर्टात कुठे बायका जातात?"

जातात. गेली शंभर वर्षं जात आहेत. कोर्टाच्या दारात आधी त्या स्वतः उभ्या राहिल्या, मेहनत त्यांचीच. पण दाराची किल्ली त्या काळी पुरुषांच्याच हातात होती. ज्यांनी ती फिरवली, त्यांची माहिती आपल्या घरांतल्या वालिद, भाऊ, शौहर सगळ्यांना असावी, म्हणून हा लेख.

दार बंद होतं तेव्हा

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पुढे त्या ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या. तिथे बाईला कायद्याच्या परीक्षेला बसू द्यायचं का, हाच प्रश्न होता. बॅलिओल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी आपलं वजन खर्च केलं, विद्यापीठाने खास परवानगी दिली आणि १८९२ मध्ये त्यांनी परीक्षा दिली. पदवी हातात पडायला मात्र १९२२ उजाडलं. तीस वर्षं!

१९१६ मध्ये कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला. त्यांची बाजू अर्डली नॉर्टन या नामांकित बॅरिस्टरांनी मांडली. न्यायमूर्तींनी अर्ज फेटाळला. वकिलीच्या कायद्यात 'व्यक्ती' म्हणजे पुरुषच, असा त्याचा अर्थ लावला गेला. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचंही तेच झालं. त्यांच्या मागे ओडिशाचे नेते मधुसूदन दास उभे होते. त्याच १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलिया सोराबजी यांना सनद दिली. म्हणजे एका शहरात बाई वकील होऊ शकत होती, दुसऱ्या शहरात नाही.

हा गोंधळ संपवला १९२३ च्या कायद्याने. केवळ स्त्री आहे म्हणून कुणालाही वकिलीला अपात्र ठरवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट केलं. यासाठी केंद्रीय विधिमंडळात आग्रह धरणाऱ्यांत पुढे होते डॉ. हरिसिंग गौर. जन्म सागरचा, पण वकिली आणि सार्वजनिक काम मोठ्या प्रमाणात नागपुरातलं. नागपूर विद्यापीठाचे ते कुलगुरूही झाले. सभागृहात तेव्हा बाई नव्हती. पुरुषांच्या सभागृहात पुरुषानेच हा प्रश्न उचलला नसता, तर कुणी उचलला असता?

दार उघडलं, पण काम कोण देणार?

मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम, १९२३ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. त्यांना आपल्या चेंबरमध्ये घेतलं भुलाभाई देसाई यांनी. कायद्याने सनद मिळते. काम मात्र चेंबरमध्ये बसायला जागा मिळाल्याशिवाय येत नाही.

मिठनबाईंच्या पहिल्या केसचा किस्सा प्रसिद्ध आहे. केस पक्की जिंकण्यासारखी होती. अशिलाने ती त्यांना दिली, ती समोरच्याला बाईकडून हरल्याची शरम वाटावी म्हणून! काम मिळालं, पण ही साथ नव्हे. बाईचा उपयोग करून घेणं वेगळं आणि तिच्या अकलेवर विश्वास ठेवणं वेगळं. पुढे १९४७ मध्ये त्याच मिठन लाम मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या.

मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं १८६२ मध्ये. तिथे पहिली महिला न्यायमूर्ती आली १९७८ मध्ये, सुजाता मनोहर. १९९४ मध्ये त्या तिथल्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या. वडील के. टी. देसाई गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती होते. घरात कायद्याची पुस्तकं मुलगा-मुलगी न बघता उघडी असली की काय होतं, ते इथे दिसतं.

आपल्या कौममधली मिसाल

बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये मुंबईत वकिली सुरू करणारे पहिले भारतीय बॅरिस्टर. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, काँग्रेसचे अध्यक्ष, नंतर न्यायमूर्ती. मुलींची तालीम त्यांनी भाषणापुरती ठेवली नाही, स्वतःच्या घरापासून सुरू केली.

दुसरं नाव प्रत्येक मुस्लिम घरात माहीत असायला हवं : न्यायमूर्ती फातिमा बीवी. केरळमधल्या पथनमथिट्टाच्या. त्यांना रसायनशास्त्रात पुढे शिकायचं होतं. वालिद मीरासाहेब म्हणाले, कायदा शीक. अॅना चंडी नावाची महिला त्या वेळी न्यायदानात नाव कमावत होती, तिची मिसाल त्यांच्यासमोर होती. १९५० मध्ये फातिमा बीवींनी सनद घेतली, १९५८ मध्ये मुन्सिफ झाल्या आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. संपूर्ण देशात पहिली, आणि ती एका मुस्लिम सरकारी नोकराची मुलगी. मीरासाहेब ना आमदार होते, ना बॅरिस्टर. त्यांनी मुलीला फक्त वेळेवर हौसला दिला.

कुणी दीनचा मुद्दा काढतात, म्हणून थोडं त्याबद्दल. 'वकील' हा शब्दच अरबी. ज्याच्यावर विश्वासाने काम सोपवलं तो वकील. बाईने काझी व्हावं का यावर फुकहामध्ये मतभेद आहेत. बहुतेकांनी मनाई सांगितली, पण इमाम अबू हनीफा यांनी हुदूद आणि किसास सोडून इतर बाबींत वाव दिला आणि इब्न जरीर तबरी यांच्या नावे तर सर्वच बाबींत परवानगीचं मत सांगितलं जातं. चर्चा काझीपदाची असताना एवढा वाव आहे, मग मजलूमची बाजू मांडणाऱ्या वकिलीला का अडवायचं?

आपल्या तालुक्यात याची गरज का?

मेहर, खुला, नफका, विरासतीतला वाटा, घरातली मारहाण. या गोष्टी आपल्या बायका पुरुष वकिलासमोर अर्ध्याच बोलतात. उरलेलं अर्धं मनात राहतं आणि केस तिथेच कमजोर होते. जुन्नरला कोर्ट आहे, आंबेगावचं घोडेगावला, पुढच्या कामासाठी राजगुरुनगर किंवा पुणे. अशा वेळी आपलीच एखादी लेक काळ्या कोटात समोर असेल, तर बाईला बोलायला धीर येतो.

हेही लक्षात ठेवा : १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

रस्ता कसा आहे?

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. दोन्हींसाठी राज्याची सीईटी असते. पुण्यात १९२४ पासूनचं आयएलएस विधी महाविद्यालय आहे, इतरही आहेत. नंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. तिची फी कायद्यात ठरली आहे तेवढीच, म्हणजे खुल्या गटाला ७५० रुपये, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा.

न्यायाधीश व्हायचं असेल तर एक नवी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. (अर्ज भरताना त्या वेळची जाहिरात नीट वाचावी.) याचा सरळ अर्थ असा : ज्या मुलीला सीनियरच्या ऑफिसात टेबल मिळालं नाही, तिची पुढची वाटही अवघड. म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक ज्येष्ठ वकीलसाहेबांच्या हातात आज तीच किल्ली आहे, जी एके काळी भुलाभाईंच्या हातात होती.

सत्कार कुणाचा करायचा?

८ मार्चला किंवा ईद मिलनला आपण शाली देतो. साथ देणाऱ्या पुरुषालाही जरूर द्या, पण आधी काही गोष्टी तपासा.

• सीनियर ज्युनिअर मुलीला फक्त तारखा घ्यायला पाठवतो, की उलटतपासणी आणि युक्तिवादही करू देतो?
• मानधन देतो का? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामीण भागासाठी महिना किमान १५,००० रुपयांची शिफारस केली आहे.
• ऑफिसात तिला सुरक्षित वाटतं का? २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे त्याने तिला सांगितलं आहे का?
• कोर्टात बायकांसाठी स्वच्छतागृह नीट आहे का, हे बार असोसिएशनच्या बैठकीत तो विचारतो का? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व कोर्टांत ही सोय करायला सांगितलं आहे.
• बाई पक्षकाराबद्दल तो कसं बोलतो? ऑगस्ट २०२३ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने बायकांबद्दलचे चुकीचे शब्द आणि समज टाळण्यासाठी पुस्तिका काढली. चंद्रचूड घराणं मूळचं आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं.

घरातल्या पुरुषांसाठीही हिशेब आहे. परीक्षेच्या दिवसांत बहिणीच्या वाटची कामं भाऊ करतो का? उशीर झाला तर "वकिली सोड" म्हणण्याऐवजी नारायणगाव किंवा मंचरच्या स्टँडवर तिला घ्यायला जातो का? लग्न ठरवताना वालिद मुलाकडच्यांना स्पष्ट सांगतात का, की मुलीची प्रॅक्टिस सुरू राहील? आणि सासरे ते कबूल करून पाळतात का?

एक काळजी मात्र घ्या. स्टेजवर आधी तिला बोलवा, तिच्या कामाबद्दल बोला, मग त्याला. साथ देणाऱ्याने हक्क भीक म्हणून दिलेला नसतो. अडलेलं दार उघडून तो बाजूला झालेला असतो. मीरासाहेबांना आज कोण ओळखतं? त्यांच्या मुलीला सगळा देश ओळखतो. चांगल्या साथीची हीच खरी पावती.

अल्लाह आपल्या लेकींना इल्म देवो आणि आपल्याला त्यांच्यामागे उभं राहण्याचं मोठं मन. आमीन.