झाशी : तंबाखू नियंत्रणाचे नियोजन आणि निधी

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात तंबाखू नियंत्रणाचे काम राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमांतर्गत केले जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००७-०८ मध्ये २१ राज्यांतील ४२ जिल्ह्यांत हा कार्यक्रम प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला आणि पुढे त्याचा टप्प्याटप्प्याने विस्तार केला. २००३चा सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थ कायदा आणि भारताने २००४ मध्ये मान्य केलेला जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार हा त्याचा आधार आहे.

रचना

कार्यक्रमाची राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी त्रिस्तरीय रचना आहे. जिल्हा कक्षाकडे प्रशिक्षण, जनजागृती, शालेय उपक्रम, कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख आणि व्यसनमुक्ती समुपदेशन ही कामे असतात. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंडाची, तसेच शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विक्रीस मनाईची तरतूद कायद्यात आहे.

निधी

जिल्हा स्तरावरील खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून भागवला जातो. उत्तर प्रदेशासाठी केंद्र व राज्याच्या वाट्याचे प्रमाण ६० : ४० आहे. जिल्ह्यांच्या गरजांवरून राज्याचा अंमलबजावणी आराखडा तयार होतो आणि केंद्राच्या मंजुरीनंतर निधी मिळतो. त्यामुळे समुपदेशकाचे पद अथवा औषधांची गरज आराखड्यात नोंदवली गेली नाही, तर त्यासाठी पैसा उपलब्ध होणे कठीण असते.

नियोजनापुढील प्रश्न

प्रौढांच्या तंबाखूविषयक सर्वेक्षणानुसार देशातील वापराचे प्रमाण २००९-१० मधील ३४.६ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते ३१.४ वरून २६.६ टक्के झाले. उत्तर प्रदेशात मात्र ते ३३.९ वरून ३५.५ टक्क्यांवर गेले. राज्यात धूम्रपान करणारे १३.५ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २९.४ टक्के होते. राज्यात एप्रिल २०१३ पासून गुटखाबंदी लागू झाली होती. मात्र पानमसाला आणि तंबाखूच्या स्वतंत्र पुड्या एकत्र करून खाण्याच्या पद्धतीमुळे तिचा प्रभाव मर्यादित राहिला.

म्हणूनच झाशीसारख्या जिल्ह्यात केवळ धूम्रपानबंदीचे फलक आणि दंडवसुली पुरेशी ठरत नाही. खैनी व गुटखा खाणाऱ्यांची मुखतपासणी, दंतचिकित्सकांचा सहभाग आणि समुपदेशनाचा पाठपुरावा यांसाठी आराखड्यात स्वतंत्र तरतूद आवश्यक ठरते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक २०१६ मध्ये सुरू करण्यात आला.