‘शून्य’ परिमंडळाचा अस्त : कोयना भूकंप आणि संभाव्यतेचे गणित

शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी येथे पंचगंगा कृष्णेस मिळते. तत्पूर्वी कृष्णेने कराड येथे कोयनेचे आणि सांगलीनजीक हरिपूर येथे वारणेचे पाणी घेतलेले असते. या दोन्ही उपनद्यांवर मोठी धरणे आहेत. त्यामुळे शिरोळच्या भूकंपविषयक जोखमीचा विचार तेथील भूमीपुरता मर्यादित ठेवता येत नाही; वरच्या खोऱ्यातील धरणे किती हादरा सोसतील, हा प्रश्नही त्यात अंतर्भूत होतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत गेल्या सहा दशकांत पालटली, आणि त्या पालटास कोयनेचाच अनुभव पुष्कळ अंशी कारण झाला.

कोयना धरणाची आखणी झाली त्या काळी दख्खनचे पठार स्थिर समजले जात असे. १९६२ मध्ये निघालेल्या पहिल्या भारतीय भूकंप-मानकाच्या नकाशात तर ‘शून्य’ क्रमांकाचे परिमंडळच होते. धरणाच्या रचनेत भूकंपासाठी गुरुत्वत्वरणाच्या ०.०५ पट आडवा गुणांक धरण्यात आला. १९६२ मध्येच जलाशय भरू लागला आणि लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे दगावली. धरणातील उपकरणाने ०.६३ पट त्वरण नोंदले. रचनेतील गुणांक आणि नोंदलेले कमाल त्वरण या एकाच जातीच्या राशी नव्हेत, हे खरे. तथापि अंतर बोलके आहे. धरण टिकले, पण उतार जेथे बदलतो त्या वरच्या भागात भेगा पडल्या व पुढे ते बळकट करावे लागले.

१९७० च्या आवृत्तीत ‘शून्य’ परिमंडळ रद्द झाले. कारण एखाद्या प्रदेशात हादऱ्याची संभाव्यता शून्य आहे, असे म्हणण्यास शास्त्राधार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप पहिल्या परिमंडळात झाला. २००२ मध्ये तेही गेले.

दरम्यान १९६८ मध्ये अमेरिकन अभियंता कॉर्नेल याने संभाव्यतेची पद्धती मांडली. भूकंपाचे उगम कोणते, प्रत्येक उगमातून कोणत्या महत्तेचे भूकंप किती वारंवार होतात आणि अंतरानुसार हादरा कसा मंदावतो, या तिन्हींची सांगड घालून विशिष्ट हादरा ओलांडला जाण्याची वार्षिक संभाव्यता काढता येते. ४७५ वर्षांचा पुनरावर्तनकाल म्हणजे ५० वर्षांत १० टक्के, तर १०० वर्षांत सुमारे १९ टक्के संभाव्यता. तो हादरा ४७५ वर्षांनीच येईल, असा त्याचा अर्थ नव्हे. २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेल्या शिरोळकरांस ‘इतक्या वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाची मर्यादा निराळी सांगावयास नको.

परंतु या गणिताच्या रूढ स्वरूपात एक गृहीत दडलेले आहे : भूकंप परस्परांपासून स्वतंत्र असतात आणि त्यांचा सरासरी दर कालानुसार बदलत नाही. कोयना खोऱ्यात नेमके हेच संशयास्पद ठरते. तेथील भूकंपांचा जलाशयाच्या चढउताराशी संबंध आढळला आहे. १९९० नंतरच्या दशकात वारणा जलाशयाच्या परिसरातही धक्क्यांचे सत्र सुरू झाले. जलाशयापूर्वीच्या नोंदींवरून काढलेला दर त्यानंतरच्या काळास लागू पडेलच, असे मानता येत नाही.

सारांश, जुन्या नकाशातील शून्य हे अल्पकालीन नोंदींवर ठेवलेल्या अतिविश्वासाचे फळ होते. त्याजागी टक्केवारी आली, एवढ्याने तो दोष आपोआप नाहीसा होत नाही. कोणत्याही संभाव्यतेसोबत तिच्यामागील नोंदींचा कालावधी, गृहीते आणि अनिश्चिततेची मर्यादा सांगितली गेली, तरच ती धरणाच्या अभियंत्यास व नदीकाठच्या वस्तीस उपयोगी पडेल.